आढळले नाही

सोहारच्या रिफायनरीत माझं काम वास घेण्याचं.
नाकाने नव्हे. हातात नळी, कमरेला डबा, डब्यात पंप,
आणि समोर साडेचार हजार व्हॉल्व्ह.
एकेकाच्या मानेशी नळी धरायची,
तीस सेकंद थांबायचं, आकडा लिहायचा.
दहा लाखांत किती सुटतंय, एवढंच.
आग लागल्यावर काय, कुणालाही कळतं.

डॉक्टर म्हणाले, तुम्हाला समजावणं सोपं आहे.

फूटभर आतडं काढलं त्यांनी माझं.
बावीस गाठींतली एक बाधित निघाली.
मग सहा महिने सलाइनमधून औषध,
तेव्हापासून बोटांची टोकं परक्याची.
लबनची गार बाटली चावते,
आणि व्हॉल्व्ह तापलेला असला
तर मला उशिरा कळतं.

दर तीन महिन्यांनी झुवैना शीर शोधते,
बिस्मिल्ला म्हणते, सुई टोचते,
नळीवर नाव चिकटवते : सालसकर.
त्यांच्या यंत्रात ळ नाही.
साळसकर बाहेर बाकावर बसून राहतो,
आत जातो तो कुणी सालस.
असू दे. रक्ताने सालसच असावं.

ऑपरेशनच्या आधी अठरा होता.
मग दोन पूर्णांक एक.
मग दोन पूर्णांक तीन.
परवा दोन पूर्णांक नऊ.
पाचाच्या खाली सगळं ठीक, असं कागद सांगतो.
कागदाला छत दिसतं, जिना दिसत नाही.

कुडाळहून हेमलता विचारते, किती आला?
मुलीचे मार्क विचारावेत तसं,
फक्त इथे कमी पडलेले बरे.
मी म्हणतो, दोन.
पूर्णांकानंतरचं माझ्याजवळ ठेवतो.
ओव्हरटाइमचा रियालसुद्धा कधी लपवला नव्हता तिच्यापासून.

आणखी एक तपासणी आहे, बारीक.
काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपलेला असतो,
आधी तो वाचतात, तिचं हस्ताक्षर ओळखतात,
मग रक्तात शोधतात
त्याच अक्षराची एखादी चिठ्ठी अजून फिरतेय का.
विमा म्हणाला, नाही.
दोन महिन्यांचा पगार म्हणाला, हो.
खोक्यातून विमानाने गेलं माझं रक्त, युरोपात कुठेतरी.
मी अजून गेलेलो नाही.
त्याला व्हिसा लागला नाही.

तीन आठवडे.
रात्री कॉर्निशवर चालायचो, शर्ट पाठीला चिकटलेला,
समुद्र कुणी उकळून ठेवल्यासारखा, न हलणारा.
मोफिज सोबत यायचा, काही विचारायचा नाही,
दोन करक चहा घ्यायचा, पैसे देऊ द्यायचा नाही.
चितगावला त्याचा भाऊ कशाने गेला
ते त्याने तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

गुरुवारी, सातव्या रांगेतल्या पंपाशी, फोन वाजला.
डॉक्टरांनी वाचून दाखवलं :
आढळले नाही.

‘नाही’ असं नव्हे. ‘आढळले नाही’ असं.
हे शब्द माझेच आहेत, रोज लिहितो.
नवीन होतो तेव्हा एकदा शून्य लिहिलं होतं,
खल्फानने पेनने खोडलं.
म्हणाला, या अखी, शून्य अल्लाहला दिसतं.
तुझ्या यंत्राला जेवढं दिसलं तेवढं लिही.

मी नळी पुन्हा व्हॉल्व्हशी धरली.
तीस सेकंद पुरे असतात.
चाळीसपर्यंत मोजलं.

संध्याकाळी हेमलताला सगळं सांगितलं,
दोन पूर्णांक नऊ, मेण, चिठ्ठी, पगार.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, पुढचं कधी?
फेब्रुवारीत, मी म्हणालो.
बरं, गॅसवर दूध ठेवलंय, म्हणाली,
आणि उठली नाही.
दोघंही तसेच, कानाला फोन लावून.

मग मला वास आला.
सोहारमध्ये, पाचव्या मजल्यावर, एसी चालू असताना,
कुडाळचं दूध करपल्याचा.
नळी नव्हती हातात.
अगं, जा, मी म्हणालो, जा ना, उतू गेलंय.